आईच्या शिवणाच्या डब्यातली गोळी

हे लिहायचं वर्षभर डोक्यात होतं पण आईची परवानगी नव्हती. परवा तिनेच फोनवर विचारलं, "लिहिलंस का गं ते?" मी म्हटलं तू नको म्हणाली होतीस. तर म्हणाली, "आता लिही, माझं काय जायचंय ते गेलं, दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल." म्हणून लिहितेय. थोडं लांबलंय, आणि मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, हे आधीच सांगते.

आई आमची सांगलीला असते. २०२३ मध्ये तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा ती ६१ वर्षांची होती. ऑपरेशन झालं, गाठ निघाली पण बाजूच्या काही ग्रंथींमध्ये पण सापडलं म्हणून किमो लागणार म्हणाले. कॅपॉक्स नावाचा कोर्स. म्हणजे पहिल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि मग घरी १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत, मग ७ दिवस सुट्टी, असे २१ दिवसांचे ८ राऊंड. मी पुण्याहून रजा काढून आले, फाईल केली, फॉर्म मीच भरला. "इतर आजार" च्या पुढे बीपी, शुगर, थायरॉईड, दमा अशा चौकटी होत्या. मी बीपीवर टिक केली, अॅम्लोडिपिन लिहिलं, आईची सही घेतली. आई शेजारीच बसली होती, काहीच बोलली नाही. फॉर्मवर फिट्सची चौकट नव्हती आणि तोंडी पण कुणी विचारलं नाही, आणि माझ्या तर स्वप्नात पण नव्हतं.

पहिला राऊंड बरा गेला. गार पाण्याला हात लावला की मुंग्या, फ्रीजचं दार उघडायचं नाही, स्टीलचं गार भांडं धरलं तरी बोटं चमकायची, पण हे सगळं त्यांनी आधी सांगितलेलं होतं. दुसऱ्या राऊंडच्या शेवटी शेवटी आई झोकांड्या खायला लागली. भिंतीला धरून बाथरूमला जायची. मला वाटलं अशक्तपणा. मग म्हणाली की देवाच्या फोटोपुढचा दिवा दोन दिसतोय. मग बोलताना जीभ जड, "साखर" म्हणायला जायची तर शब्द ओढल्यासारखा यायचा, आणि मधेच बसल्या बसल्या डोळा लागायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या किमोनं होतंच असं, त्यांच्या भावाला पण व्हायचं. एका रविवारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली, कपाळाला खोक पडली आणि आम्ही तिला उचलून हॉस्पिटलला नेलं.

तिथे सगळ्यांच्या मनात एकच, कॅन्सर मेंदूत गेला. कुणी तोंडाने म्हणत नव्हतं पण एमआरआय तातडीने लिहून दिला तेव्हाच मला कळलं. रिपोर्ट यायला चार तास लागले. ते चार तास मी कसे काढले ते इथे लिहू शकत नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ नाही, रक्तस्राव नाही, अटॅक नाही. सोडियम बरं, साखर बरी. मग हे आहे काय?

रात्री राऊंडला एक ज्युनियर डॉक्टर आली, नांदेडकडची मुलगी, बोलण्यावरून कळत होतं. तिने आईच्या डोळ्यांसमोर बोट धरलं आणि डावीकडे उजवीकडे फिरवलं. मी पण बघत होते, बोट कडेला गेलं की आईची बुबुळं थरथरल्यासारखी झटके देत होती. तिने दोनदा केलं. मग आईला तोंड उघडायला सांगून हिरड्या बघितल्या. आईच्या हिरड्या कायम सुजलेल्या, दातांवर चढलेल्या, आम्ही लहानपणापासून तशाच बघितलेल्या. मग तिने माझ्याकडे न बघता आईलाच हळू आवाजात विचारलं, "मावशी, तुम्ही फिटची गोळी घेता का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग छताकडे. मग म्हणाली, "एप्टॉइन. रात्री तीन."

मी ४० वर्षांच्या आसपासची बाई, दोन मुलांची आई, आणि मला माझ्या आईला फिट येतात हे तिच्या कॉटशेजारी उभं राहून, एका परक्या मुलीने विचारलं तेव्हा कळलं.

नंतर सगळं बाहेर आलं. १९७६ मध्ये, चौदाव्या वर्षी शाळेत पहिली आकडी आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. आजीने मिरजेला डॉक्टरला दाखवलं, आधी गार्डेनल चालू झाली, मग एप्टॉइन, म्हणजे फेनिटोइन. आणि आजीने बजावलं, कुणाला बोलायचं नाही. यात आजीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की १९७६ च्याच दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात असं घातलेलं होतं की वारंवार फेफऱ्याचे झटके येणाऱ्या माणसाचं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येईल. वेडाच्या झटक्यांच्या शेजारीच फेफरं लिहिलेलं होतं. ते शब्द निघाले १९९९ च्या डिसेंबरमध्ये. आईचं लग्न १९८४ चं. म्हणजे लग्नानंतर पंधरा वर्षं ती या भीतीत राहिली की कुणी बाहेर काढलं तर संसार मोडू शकतो, आणि ती भीती नुसती मनातली नव्हती, कायद्यातच होती.

बाबांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं, त्यांच्यासमोरच आली म्हणे एकदा पहाटे. ते काहीही बोलले नाहीत. त्या दिवसापासून गोळ्या तेच आणायचे, सांगलीतून नाही, मिरजेच्या मेडिकलमधून, म्हणजे गल्लीत कुणाला कळायला नको. २०१६ मध्ये बाबा गेले तेव्हापासून आई स्वतः बसने जाऊन आणायची आणि शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली ठेवायची. तिला शेवटची फिट १९९७ ला आली होती. मग मला का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाली, "तुझं लग्न व्हायचं होतं ना गं." माझ्या लग्नाला १३ वर्षं होऊन गेली. तोपर्यंत लपवायची सवयच झाली होती तिला.

आता जे झालं ते नेमकं कसं झालं ते सांगते, कारण हे कळायला मला महिनाभर लागला आणि कळल्यावर झोप उडाली.

औषधं लिव्हरमध्ये फोडली जातात, त्यासाठी तिथे एन्झाइम असतात. मी स्वतःला समजवायला तासवड्याचा टोलनाका डोळ्यासमोर आणला, पुण्याला जाता-येता आम्हाला लागतोच. एन्झाइम म्हणजे टोलच्या लेन आणि औषधं म्हणजे गाड्या. फेनिटोइन मुख्यतः ज्या लेनमधून शरीराबाहेर जातं तिचं नाव सीवायपी २सी९. कॅपेसिटाबिन पोटात गेलं की शरीरात त्याचं ५-एफयू बनतं, आणि ही लेन त्याच्यामुळे हळूहळू बंद पडत जाते. एकदम नाही, काही आठवड्यांत. म्हणून पहिल्या राऊंडला काही नाही आणि दुसऱ्याच्या शेवटी आई पडली. त्यात फेनिटोइनची खोड अशी की ते साध्या हिशोबाने वाढत नाही. लेन जवळपास भरलेली असते, त्यामुळे थोडी अडचण आली तरी मागे मैलभर रांग लागते. तिची गोळी तीच, तीनच, एकही जास्त घेतली नव्हती, आणि अंगात मात्र विषबाधा होईल एवढी साठली होती. झोकांड्या, दोन दिसणं, जड जीभ, बुबुळांचे झटके, गुंगी, हे सगळं फेनिटोइन जास्त झाल्याचंच. कॅपेसिटाबिनच्या माहितीपत्रकात फेनिटोइनचं नाव घेऊन ही सूचना छापलेली आहे. छापलेली आहे! रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनबद्दल पण आहे, तेही याच लेनने जातं, घरात कुणी ते घेत असेल तर हे पण लक्षात असू द्या.

आणि एवढ्यावर पण घोटाळा संपत नव्हता. फेनिटोइनची लेव्हल रक्तात मोजतात, नॉर्मल १० ते २०. आईची आली २४. एक डॉक्टर म्हणाले थोडीच जास्त आहे, एवढ्याने माणूस असा पडत नाही. पण त्या नांदेडच्या मुलीने अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, आकडा काढला, तो होता २.६, साडेतीनच्या वर पाहिजे. ऑपरेशन, किमो, जेवण नाही, त्यामुळे उतरलेलं. फेनिटोइन रक्तात जवळपास ९० टक्के अल्ब्युमिनला चिकटून असतं आणि उरलेलं मोकळं असतं तेच मेंदूवर काम करतं. अल्ब्युमिन कमी म्हणजे मोकळं जास्त. तिने फाईलच्या मागच्या बाजूला सूत्र लिहून हिशोब केला, अल्ब्युमिन धरून ती २४ ची लेव्हल ३८-३९ सारखी निघाली. तो कागद मी ठेवलाय. कॅन्सरच्या पेशंटमध्ये अल्ब्युमिन कमीच असतं बहुतेक वेळा, त्यामुळे नुसता वरचा आकडा बघून बरं आहे म्हणणं फसवं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग न्यूरोचे डॉक्टर आणि कॅन्सरचे डॉक्टर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. कॅपेसिटाबिन थांबवलं. फेनिटोइन दोन दिवस बंद ठेवलं, पण त्याच दिवशी लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं दुसरं औषध चालू केलं, मग फेनिटोइन परत थोडं देऊन महिनाभरात पायरी पायरीने शून्यावर आणलं. हे मी मुद्दाम नीट लिहितेय. कुणी हे वाचून घरच्या घरी फिटची गोळी बंद करू नका, हात जोडते. इतक्या वर्षांची गोळी अचानक तोडली तर फिट वर फिट येऊन थांबतच नाही अशी अवस्था होऊ शकते आणि त्यात जीव जातो. आईची दोन दिवस बंद होती ती वॉर्डमध्ये, रोज लेव्हल बघत आणि दुसरं औषध चालू करूनच.

लेव्हेटिरासिटॅम का, तर ते त्या टोलनाक्यावर जातच नाही. बहुतांश किडनीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे किमोशी फारसं भांडण नाही. म्हणून कॅन्सरवाल्या पेशंटला हल्ली हेच जास्त देतात. पण ते पण फुकट नाही आलं. माझी आई, जिने मला आयुष्यात कधी वरच्या आवाजात हाक मारली नाही, ती चहात साखर कमी म्हणून कप आपटायला लागली. एकदा रडली पण, म्हणाली मला माझाच राग आवरत नाही. हा त्या औषधाचाच माहीत असलेला परिणाम आहे, डॉक्टरांनी डोस थोडा खाली आणला तेव्हा निवळलं. घरात कुणाला हे औषध चालू असेल आणि माणूस अचानक चिडका झाला तर त्या माणसावर चिडू नका, डॉक्टरला सांगा. आणि किडनीतून जातं म्हणजे क्रिएटिनिन वाढलं, किडनीचं काम मंदावलं, तर डोस बदलावा लागतो, सिसप्लॅटिनसारख्या किमोत किडनीवर ताण येतो तेव्हा तर विशेष.

आता दुसरी बाजू, आणि मला विचाराल तर हीच जास्त भयंकर आहे. आईला झालं ते किमान डोळ्यांना दिसलं तरी. ती पडली म्हणून पकडलं गेलं. पण फेनिटोइन, कार्बामाझेपिन म्हणजे टेग्रेटॉल, मॅझेटॉल वगैरे, आणि फेनोबार्बिटोन म्हणजे आपली गार्डेनल, ही जुनी औषधं दुसऱ्या लेन जास्तीच्या उघडतात. म्हणजे सीवायपी ३ए४ नावाच्या मोठ्या नाक्यावर दोन लेनच्या जागी सहा होतात आणि त्यातून जाणारी किमोची औषधं भरकन निघून जातात, काम करायच्या आधीच. पेशंटला काहीही कळत नाही. उलट त्रास कमी होतो, केस कमी गळतात, घरचे म्हणतात किमो छान झेपतेय!

याचा सगळ्यात धडधडीत पुरावा मला इरिनोटेकनचा वाटला, कारण ते आईच्याच आजारात पुढच्या टप्प्यात वापरतात. अमेरिकेत ब्रेन ट्यूमरच्या पेशंटवर ट्रायल झाली होती, २००३ मध्ये छापून आली. आठवड्याला द्यायच्या इरिनोटेकनचा झेपेल असा सगळ्यात जास्त डोस शोधत होते. ही जुनी फिटची औषधं न घेणाऱ्यांना तो निघाला अंगाच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे ११७ मिलिग्रॅम, आणि घेणाऱ्यांना ४११. साडेतीन पट! म्हणजे फेनिटोइन घेणाऱ्या माणसाला नेहमीचा डोस दिला तर त्याच्या वाट्याला किती आला? आई एप्टॉइन लपवून इरिनोटेकनवर गेली असती तर आम्ही म्हटलं असतं, औषध लागू पडलं नाही, नशीब.

आणि लहान मुलांचं वाचलं तेव्हा तर मी लॅपटॉप बंद केला. मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमधला अभ्यास, २००० साली लॅन्सेटमध्ये आलेला. १९८४ ते १९९४ मध्ये रक्ताच्या कॅन्सरवर, एएलएलवर, उपचार घेतलेली ७१६ मुलं. त्यातल्या ४० मुलांना सलग निदान महिनाभर फिटची ही जुनी औषधं मिळालेली. त्या मुलांमध्ये कॅन्सर उलटायचं प्रमाण जास्त निघालं आणि मेथोट्रेक्झेट, टेनिपोसाइड ही औषधं त्यांच्या अंगातून जास्त वेगाने निघून जात होती. चाळीस घरं. त्या आईवडिलांनी गोळ्या वेळेवरच दिल्या असणार ना, दोन्ही प्रकारच्या.

व्हिन्क्रिस्टिन या किमोच्या औषधाचं तेच आहे, इमॅटिनिबचं पण, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवाले रोज घेतात ती गोळी. इमॅटिनिब बरोबर फेनिटोइन टाळा आणि टाळता येतच नसेल तर डोस निदान ५० टक्के वाढवायचा विचार करा असं त्याच्या कागदावरच आहे. आणि कुणी म्हणेल मग फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेऊ, म्हणजे एन्कोरेट, व्हॅल्पारिन, ते तर लेन उघडत नाही. नाही उघडत, पण ते स्वतःच प्लेटलेट कमी करू शकतं, जे किमोत आधीच कमी असतात. आणि किमोत पांढऱ्या पेशी उतरून ताप आला तर हॉस्पिटलमध्ये मेरोपेनेम हे अँटिबायोटिक बऱ्याचदा लावतात, ते लागलं की व्हॅल्प्रोएटची लेव्हल एक-दोन दिवसांत धाडकन खाली येते आणि डोस वाढवून पण भरून येत नाही. वर्षानुवर्षं फिट न आलेल्या माणसाला तापात फिट येते आणि सगळे म्हणतात तापाने आली. हे वाक्य प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावावं असं मला वाटतं.

माझा राग कुणावर होता, तर आधी आईवर होता, मग त्या फॉर्मवर, मग स्वतःवर. फेनिटोइनने हिरड्या अशा सुजू शकतात, आणि आईच्या हिरड्या मी जन्मभर बघितल्या. दातांच्या डॉक्टरने एकदा विचारलं पण होतं, कुठली गोळी चालू आहे का, तेव्हा आई नाही म्हणाली होती आणि मी पण मान हलवली होती. शिवणाचा डबा ती कुणाला हात लावू द्यायची नाही, आम्ही म्हणायचो आईची सुई हरवते म्हणून. सगळं समोर होतं. पण फॉर्मचा राग अजून गेलेला नाही. बीपी, शुगर विचारतात तसं "कधी फिट, आकडी, झटके आले का, लहानपणी तरी" एवढं एक वाक्य विचारायला काय लागतं? आणि ते नातेवाईकांना बाहेर पाठवून विचारा. माझ्यासमोर विचारलं असतं तरी आई नाहीच म्हणाली असती, हे पण मला माहितीये. त्या मुलीने माझ्याकडे पाठ करून, आवाज खाली आणून विचारलं म्हणून उत्तर मिळालं.

त्यानंतर मी वॉर्डात भेटणाऱ्या सगळ्यांना एकच सांगत सुटले, घरातल्या सगळ्या गोळ्या, सगळ्या म्हणजे सगळ्या, पिशवीत घालून डॉक्टरच्या टेबलावर ओता. नावं पाठ करू नका, पाकिटंच न्या. डब्यातल्या, पर्समधल्या, देव्हाऱ्यामागच्या पण. किमो बदलली, अँटिबायोटिक लागलं, फिटची गोळी बदलली, दर वेळी परत न्या. एक काकू दुसऱ्या दिवशी खरंच टॉवेलमध्ये गुंडाळून टेग्रेटॉलचं पाकीट घेऊन आल्या, नवऱ्याला बाहेर थांबवून.

सासूबाईंना मीच फोन करून सांगितलं. हात थरथरत होता माझा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग विचारलं, "आता लेव्हल किती आहे त्यांची?" बस. एवढंच.

किमो एकूण महिनाभर मागे पडली. फेनिटोइन पूर्ण निघाल्यावर कॅपेसिटाबिन परत चालू केलं, तळपाय सोलवटले, हात लाल झाले, पण आई सरळ चालत बाथरूमला जायची आणि दिवा एकच दिसायचा. आठवा राऊंड झाला तेव्हा तिने मला बिनसाखरेचा चहा करून दिला चुकून आणि आम्ही दोघी तसाच प्यायलो. लेव्हेटिरासिटॅम सकाळी आठ, रात्री आठ, फोनवर अलार्म आहे. गोळ्या आता शिवणाच्या डब्यात नसतात, फ्रीजवर बीपीच्या गोळीशेजारी उघड्यावर असतात. पुढच्या गुरुवारी फॉलोअपचं सीटी आहे. नव्या फाईलचं पहिलं पान तिने स्वतः भरलंय, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात, आणि "इतर आजार" च्या पुढे जागा पुरली नाही म्हणून समासात वळवून लिहिलंय.